जुनी फियाट किंवा अँबेसेडर घेऊन नवी करायचीय? विसार देण्याआधी हे तपासा

जालन्यात जुन्या गाडीला दोन प्रकारचे गिऱ्हाईक मिळतात. एक भंगारवाला आणि दुसरा हौशी माणूस. जालना म्हणजे सळईचं गाव. इथल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून लोखंड तयार होतं, त्यामुळे भंगाराला इथे कायम भाव असतो. वाड्याच्या मागे किंवा शेतातल्या गोठ्याशेजारी उभी असलेली पद्मिनी एकदा भंगाराच्या काट्यावर गेली की परत येत नाही.

म्हणूनच अशी गाडी दिसली की हौशी माणसाला घाई होते. "आज नाही घेतली तर उद्या भंगारात जाईल" हे वाक्य विकणारा बरोबर वेळेला म्हणतो. मग कागद न बघता विसार दिला जातो, गाडी घरी येते, आणि सहा महिन्यांनी कळतं की खालचा पत्रा संपलाय आणि आरसी बुकवर ज्यांचं नाव आहे ते गृहस्थ कधीच वारलेत.

पाण्यात म्हैस, बाहेर मोल, असं होऊ द्यायचं नसेल तर गाडी कशी तपासायची? क्रमाने बघू.

आधी गाडी ओळखा

आपल्याकडे जुनी गाडी म्हटलं की बहुतेक वेळा तीनच नावं समोर येतात.

पहिली फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यात ही गाडी तयार व्हायची. १९५० च्या दशकातली गोलमटोल 'डुक्कर फियाट', १९६० च्या दशकातली फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासूनची प्रीमियर पद्मिनी ही एकाच घराण्यातली भावंडं. पद्मिनीचं पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ही गाडी सगळ्यांना माहीत आहे. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

दुसरी अँबेसेडर. हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत ही गाडी बनवली. मूळ आराखडा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा.

तिसरी जीप. महिंद्राने विलीज कंपनीच्या परवान्यावर बनवलेली.

यात एक फरक लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर अवलंबून आहे. जीपला वेगळी लोखंडी चेसिस असते आणि वर बॉडी बोल्टने बसवलेली असते. बॉडी सडली तरी ती उतरवून दुसरी बसवता येते. फियाट आणि अँबेसेडरमध्ये बॉडी हाच गाडीचा सांगाडा असतो. तिथे खालचा पत्रा गेला म्हणजे गाडीचा कणा गेला.

पहिली तपासणी कागदांची

गाडी बघायला जाण्याआधी फोनवरच आरसीचा फोटो मागवा. चांगला विकणारा तो देतो. टाळाटाळ झाली तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

*नाव कुणाचं?* ग्रामीण भागात हमखास आढळणारी अडचण म्हणजे गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले आणि विकतोय नातू. अशा वेळी गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते. त्यासाठी आरटीओत फॉर्म ३१ भरतात, मृत्यूचा दाखला लागतो आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं लेखी द्यावं लागतं. काका-आत्यांची सही मिळणार नसेल तर ती गाडी तुमची होणार नाही, मग तुम्ही तिच्यावर कितीही खर्च करा. हे काम विकणाऱ्याने पूर्ण करायचं आणि त्यानंतरच तुम्ही पैसे द्यायचे.

*मालक हयात असेल तर?* मग नेहमीची पद्धत. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या. गाडी दुसऱ्या आरटीओकडची किंवा दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ वर ना हरकत दाखला. आरसीवर बँकेचा किंवा पतपेढीचा बोजा असेल तर फॉर्म ३५. ती पतपेढी आता बंद पडली असेल तर हा एक कागद मिळवायला वर्ष जाऊ शकतं.

*नंबर काय सांगतो?* जालन्याचा आजचा क्रमांक एमएच २१. पण ही पद्धत १९८९ नंतरची. त्याआधी महाराष्ट्रातल्या गाड्यांना 'एम'पासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असा नंबर असायचा. १९७० च्या गाडीवर एमएच २१ दिसत असेल तर नंबर कधी आणि का बदलला, हे विचारा. उत्तर साधं असू शकतं, पण ते कागदावर दिसायला हवं.

*ऑनलाइन दिसत नाही?* घाबरू नका. जुन्या हस्तलिखित नोंदींच्या अनेक गाड्या परिवहनच्या वेबसाइटवर सापडत नाहीत. आरटीओत मूळ नोंदवही पाहून 'बॅकलॉग एंट्री' करावी लागते. ती होऊ शकते का, हे आरटीओत जाऊन आधी विचारा. मूळ नोंदच सापडली नाही तर गाडी रस्त्यावर आणणं फार अवघड होतं.

*सरकारी लिलावातली आहे?* जीप आणि अँबेसेडरच्या बाबतीत हा प्रश्न हवाच. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. लिलावात घेतली पण स्वतःच्या नावावर केलीच नाही, अशी गाडी असेल तर आरटीओचं उत्तर मिळेपर्यंत थांबा.

शेवटी आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. आकडे घासलेले, परत ठोकलेले किंवा त्या जागी पत्रा नवा जोडलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. चोरीची गाडी स्वस्त मिळाली तरी ती महागच पडते.

१५ वर्षांचा आणि ५० वर्षांचा नियम

सोशल मीडियावर फिरतं की १५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते. दिल्ली आणि आसपासच्या भागात जुन्या गाड्यांवर वेगळे निर्बंध आहेत. महाराष्ट्रात खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षं चालते, त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करता येतं. त्यासाठी फॉर्म २५, विमा, पीयूसी आणि पर्यावरण कर लागतो. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारसाठी ही फी ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० रुपयांवर गेली. नूतनीकरण रखडलेलं असेल तर उशिराचा आकारही लागतो. म्हणून शेवटचं नूतनीकरण कधीचं, हे आरसीवर बघा आणि साचलेली रक्कम किमतीतून वजा करून घ्या.

दुसरा नियम ५० वर्षांचा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदणी करायची असेल तर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि पुनर्नोंदणीची फी ५,००० रुपये.

पण यात दोन अटी आहेत. एक, ही गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. दुसरी अट जास्त महत्त्वाची. गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही.

म्हणजे कुणी पद्मिनीत दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलं असेल तर ती गाडी चालेल झकास, पण व्हिंटेज नोंदणीच्या कामाची नाही. शिवाय इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर नसेल तर साधं नूतनीकरणही अडकतं. तुम्हाला रोज चालवायला गाडी हवी की जपून ठेवायला, हे आधी ठरवा.

बघायला जाताना

दिवसा उजेडात जा. पाऊस पडत असताना किंवा गाडी नुकतीच धुतलेली असताना रंगाचे दोष दिसत नाहीत. सोबत विजेरी, लोहचुंबक आणि त्यावर गुंडाळायला पातळ फडकं, स्क्रू ड्रायव्हर, जुनी चादर आणि मोबाइल घ्या. या गाड्यांवर पूर्वी काम केलेला एखादा वयस्कर मेकॅनिक सोबत आला तर उत्तम. त्याची दिवसाची मजुरी आनंदाने द्या.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीत हात घालण्याआधी काठीने आवाज करा आणि विजेरी मारा. सीटखाली, डिकीत आणि बॉनेटखाली साप, विंचू, गांधीलमाशा हमखास असतात.

आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. खाली भक्कम स्टँड किंवा लाकडाचे ठोकळे हवेत.

पत्रा: खरा खर्च इथे आहे

मराठवाड्याची हवा कोरडी, त्यामुळे कोकण-मुंबईच्या गाड्यांपेक्षा इथल्या गाड्यांचा वरचा पत्रा बरा असतो. पण इथला गंज खालून येतो. काळी माती पावसाचं पाणी धरून ठेवते. त्या मातीत टायर रुतून चार पावसाळे उभी राहिलेली गाडी वरून ठीक आणि खालून जाळी झालेली असते.

बघायच्या जागा अशा:

- दरवाजांखालची पट्टी, म्हणजे सिल
- पायाखालचा पत्रा. मॅटिंग उचलून बघा. वर नवं मॅटिंग आणि बाकी सगळं जुनं असेल तर हमखास उचला
- मागचे पाटे जिथे बॉडीला अडकतात ती जागा
- जॅक लावायची जागा
- डिकीचा तळ आणि स्टेपनीची खोली
- बॅटरीचा ट्रे. ॲसिडने तो आधी जातो
- पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखालची कड
- मडगार्डच्या आतली बाजू आणि दरवाजांचा खालचा भाग

या जागांवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. मालकाची परवानगी घेऊन टोकाने दाबून बघा. टोक आत गेलं तर तिथे पत्रा नाही, नुसता रंग आहे.

मग फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक बॉडीवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली जाड पुट्टी किंवा फायबर आहे. थोडी पुट्टी जुन्या गाडीत असतेच. पण सिल, पाट्यांची जागा आणि तळ इथे पुट्टी असेल तर कुणीतरी गंज झाकून गाडी विकायला काढलीय.

आता फियाट-अँबेसेडरसाठी एक सोपी परीक्षा. चारही दरवाजे उघडून बंद करा आणि फटी नीट बघा. मग एका बाजूला जॅकच्या जागेवर जॅक लावून गाडी थोडी उचला आणि त्या बाजूचे दरवाजे परत उघडा. दरवाजा अडकला किंवा फट बदलली तर सांगाडा वाकतोय. जॅक वर जातोय पण गाडी उचलली न जाता पत्राच चेपतोय, असं झालं तर तपासणी तिथेच संपली.

दरवाजा लोंबकळत असेल तर तो खालून वर उचलून बघा. बिजागरी झिजली असेल तर दुरुस्ती सोपी आहे. बिजागरी घट्ट असून खांबच हलत असेल तर काम मोठं आहे.

इंजिन: वाटतं तेवढं भीतीदायक नाही

लोक इंजिनाला घाबरतात आणि पत्र्याकडे दुर्लक्ष करतात. खरं तर पद्मिनीचं आणि अँबेसेडरचं इंजिन साधं आहे. लेथवर बोअर होतं, पिस्टन-रिंगा मिळवता येतात, जुने फिटर अजून आहेत. तरी किंमत ठरवायला त्याची अवस्था कळायला हवी.

*चालू गाडी असेल तर* जाण्याआधीच सांगून ठेवा की इंजिन थंड असू द्या. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंडीत सुरू व्हायची अडचण लपवलेली असू शकते. सुरू झाल्यावर धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, बहुधा कार्बोरेटरचं काम. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जातंय.

सुरू करण्याआधी ऑइलची दांडी काढून बघा. दुधाळ ऑइल म्हणजे त्यात पाणी. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर तीच गोष्ट उलट दिशेने. आपल्याकडे रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं जातं. ते जड पाणी आत क्षारांचा थर धरतं आणि एप्रिल-मे महिन्यात गाडी गरम व्हायला लागते. म्हणून किमान २० मिनिटं इंजिन चालू ठेवा आणि तापमानाचा काटा बघत राहा.

मेकॅनिककडे कॉम्प्रेशन गेज असेल तर चारही सिलिंडर तपासा. आकडे कमी-जास्त असू शकतात, पण चारही एकमेकांच्या जवळ हवेत. एखादाच फार खाली असेल तर वॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केट.

*बंद गाडी असेल तर* लगेच बॅटरी लावून सेल्फ मारू नका. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, काही वेळ थांबा आणि इंजिन हाताने फिरतं का बघा. फिरलं तर आशा आहे. जाम असेल तर पूर्ण इंजिन काम धरूनच भाव करा. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट झालेलं असतं, ते इंजिनात जाऊ देऊ नका. आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुने रबरी पाइप आणि डायफ्राम टिकत नाहीत, त्यामुळे ते बदलण्याचा खर्च आधीच मांडा.

गिअर, स्टिअरिंग, ब्रेक

स्टिअरिंगवरच्या गिअरची दांडी फार सैल असेल तर बहुतेक वेळा जोडणीचे बुश झिजलेले असतात, ते काम स्वस्तात होतं. पण गिअर चालताना आपोआप निसटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. मागून सतत घोंघावल्यासारखा आवाज येत असेल तर डिफरन्शियल तपासा.

पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर किंग पिन किंवा बेअरिंग. ब्रेकचं पायडल दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर गेलाय. उभ्या गाडीत चाकातले सिलिंडर जाम झालेलेच असतात, त्यामुळे पूर्ण ब्रेकचं काम गृहीत धरा. अशी गाडी चालवत घरी आणायचा मोह टाळा. ट्रेलरवर टाकून आणा.

टायरवर नक्षी शाबूत असली तरी बाजूला भेगा असतील तर ते बाद. उन्हाने रबर कडक होतं.

जे गाडीवर नाही, ते सगळ्यात महाग

बंपर, जाळी, चाकांच्या टोप्या, बोधचिन्हं, मीटर, मूळ स्टिअरिंग, दिव्यांच्या काचा, पुढची काच. या गोष्टी जागेवर आहेत का, त्याची यादी करा. इंजिनाचं काम पैसे देऊन होतं. हरवलेली मूळ जाळी मात्र पैसे असूनही वेळेवर मिळत नाही. मुंबईत कुर्ल्याला आणि चोर बाजारात शोधाशोध करावी लागते किंवा दुसरी गाडी सुट्या भागांसाठी घ्यावी लागते. विकणाऱ्याकडे गोदामात पडलेलं सामान असेल तर तेही सौद्यात लिहून घ्या. गंजलेला मूळ भाग आणि चकचकीत नकली भाग यात बहुतेक वेळा मूळच बरा, कारण तो दुरुस्त होतो.

वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असतं. जोड-तोड करत बसण्यापेक्षा नवं वायरिंग घालणं सुरक्षित. जुन्या गाड्यांना आग लागण्याचं हे एक मोठं कारण आहे.

हिशोब कसा मांडायचा

विकत घ्यायची किंमत हा हिशोबाचा पहिला आकडा असतो, शेवटचा नाही. एक उदाहरण बघा. आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतलेत, बाजारभाव म्हणून नाही.

समजा गाडी ९० हजारांची. आणण्याचा खर्च १० हजार. पत्रा आणि रंग १ लाख २० हजार. इंजिन ६० हजार. ब्रेक, पाटे, टायर ५० हजार. वायरिंग आणि बॅटरी २५ हजार. सीट, रबर, काचा, क्रोम ७० हजार. कागदपत्रं २५ हजार. बेरीज झाली साडेचार लाख. त्यात गाडीची किंमत सोडून बाकीच्या ३ लाख ६० हजारांच्या चौथा हिस्सा, म्हणजे ९० हजार, अडीअडचणीला बाजूला ठेवा. एकूण ५ लाख ४० हजार.

आता शेजारी दुसरा रकाना करा. तीच गाडी चांगल्या अवस्थेत, कागद पूर्ण असलेली कितीला मिळते? बऱ्याचदा ती तुमच्या बेरजेपेक्षा स्वस्त असते. तरीही पडीक गाडीच घ्यायची असेल, कारण ती घरातली आहे किंवा स्वतःच्या हाताने उभी करायचीय, तर घ्या. पण आकडा डोळ्यांसमोर ठेवून घ्या.

भाव करताना भंगाराचा भाव तुमच्या बाजूने वापरा. विकणाऱ्याला भंगारवाला किती देतो, हे जालन्यात कुणीही सांगेल. चालणाऱ्या आणि कागद असलेल्या गाडीला त्याहून जास्त देणं योग्य आहे. कागद नसलेल्या, तळ गेलेल्या गाडीला भंगाराच्या वर एक रुपयाही देऊ नका, आणि तीही फक्त सुट्या भागांसाठी घ्या.

'नाही' कधी म्हणायचं

या पाच गोष्टींपैकी एक जरी दिसली तरी विसार देऊ नका. यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. चेसिस नंबर जुळत नाही किंवा घासलेला आहे.
२. मालक वारलेत आणि वारसांमध्ये एकमत नाही.
३. आरटीओत मूळ नोंद सापडत नाही, किंवा नोंदणी रद्द करून गाडी भंगारात निघालेली आहे.
४. फियाट-अँबेसेडरचा सिल आणि पाट्यांची जागा दोन्ही सडलेत.
५. विकणारा म्हणतो, "आधी पैसे द्या, कागद नंतर बघू."

बाकी सगळं दुरुस्त होतं. सौदा जमला तर रक्कम बँकेतून द्या, गाडीचे नंबर, सुट्या सामानाची यादी आणि कागद पूर्ण करून देण्याची तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि गाडी उघडायला घेण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो काढा. कुठला नट कुठे होता, हे दोन वर्षांनी तेच फोटो सांगतील.